तिकडच्या रामाकोन्यातली बाई

माझ्या पहिल्या कादंबरीचं प्रकाशन मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात झालं, तेव्हा जिल्हा नवा होता. जिल्हा नवा असला की सगळ्याच गोष्टी जिल्हास्तरीय होतात. कालपर्यंत जो तहसीलपुरता कवी होता, तो जिल्हास्तरीय कवी झाला. सौंसरच्या सरकारी शाळेत जन्मभर हिंदीतून भूगोल शिकवून निवृत्त झालेला मी, बॅनरवर ‘जिल्हास्तरीय उपन्यासकार’ झालो. पुस्तक मराठी होतं, बॅनर हिंदी होतं. आमच्याकडे यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

प्रमुख पाहुण्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना संकोचही नव्हता. मुखपृष्ठावर रेल्वेचं चित्र होतं. ते पाहून ते रेल्वेवर बोलले. दिल्लीकडे जाणाऱ्या एका गाडीला पांढुर्ण्यात थांबा मिळायलाच हवा, ही मागणी त्यांनी माझ्या कादंबरीच्या निमित्ताने लावून धरली, आणि टाळ्या पडल्या. माझी कादंबरी सौंसरजवळच्या रामाकोन्याच्या छोट्या लाइनीवरची, म्हणजे नॅरोगेजवरची होती. त्या लाइनीवर आता गाडीच नाही. छोटी लाइन उखडली गेली आणि मोठी आली. मी उखडलेल्या लाइनीवरच लिहिलं होतं.

गोष्ट कुमार वाचकांसाठी होती. रामाकोन्याची एक शाळकरी मुलगी जुन्या लाइनीच्या मुरूम उरलेल्या पट्ट्यावरून चालत जाते आणि दुसऱ्या रामाकोन्यात पोचते. तिथे छोटी गाडी अजून चालते. कडुनिंब तोच, हापसा तोच, माणसंही तीच, फक्त त्यांनी आयुष्यात कुठेतरी वेगळा फाटा धरलेला. मुलगी तिकडे अडकते. तिला आणायला आई जाते. शेवटी मुलगी सुटते, वाट बंद होते आणि आई तिकडेच राहते. पहिला भाग तिथे संपतो.

त्या दोन जगांमध्ये मी एक नियम ठेवला होता. इकडच्या माणसाला तिकडच्या माणसाशी थेट बोलता येत नाही. समोर उभा असला तरी नाही. मध्ये तिसरं कोणी लागतं, जे दोन्हीकडे जाऊन आलेलं असेल. पुण्याच्या एका परीक्षणात याला ‘संवादाच्या अशक्यतेचं प्रभावी रूपक’ म्हटलं होतं. आमच्या गल्लीत ज्यांनी वाचलं त्यांना रूपक वगैरे दिसलं नाही. शेजारचा दूधवाला म्हणाला, “गुरुजी, हे तं भासऱ्याचं आहे.”

होतंच ते भासऱ्याचं. नवऱ्याच्या मोठ्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात, आणि धाकट्या भावाच्या बायकोला भावसून. भावसून भासऱ्याशी बोलत नाही. त्याच्यासमोर येत नाही, आलीच तर डोक्यावर पदर घेऊन, तोंड भिंतीकडे करून. भासऱ्यानेही अंगणात शिरताना खाकरायचं, म्हणजे तिला आत सरकायला वेळ मिळतो. आमचं घर बौद्ध. देव गेले, श्राद्ध गेलं, नवस गेले. बावीस प्रतिज्ञा बैठकीत चौकट करून लावलेल्या. पण भासऱ्याबद्दल त्यांच्यात काही नाही, म्हणून ही रीत तेवढी मागे राहून गेली. तिच्याविरुद्ध मी पूर्वी एका मासिकात लेख लिहिला होता. तो लिहून घरी आलो तेव्हाही अंगणात खाकरूनच आत गेलो.

मी एकटाच, बिनलग्नाचा. धाकटा भाऊ वीज खात्यात, त्याची बायको आणि त्यांची एकुलती एक मुलगी, अशी आम्ही चार माणसं एका घरात. मुलीला बोलता यायला लागलं तशी ती मधली झाली. त्याआधी भावसून चुलीशी किंवा मांजराशी बोलायची आणि मी ते ऐकून घ्यायचो. पुतणी आल्यावर मांजर सुटलं. “मोठेबाबाले विचार, जेवणार आहे का आत्ता?” हे स्वयंपाकघराच्या दारामागून येई, मला नीट ऐकू येई, आणि तरीही पोरगी पाच पावलं चालत येऊन म्हणे, “मोठेबाबा, आई विचारून राहिली, जेवणार आहे का आत्ता?” मग मी तिला उत्तर देई आणि ती पुन्हा पाच पावलं जाई.

पुढे पुढे दारामागचं ऐकू येईनासं झालं. माझे कान कमी झाले, किंवा पोरगी मोठी झाल्यावर मायलेकी हळू बोलायला लागल्या. त्यामुळे पोरगी जे सांगेल तेच मी ऐकलेलं.

भावसून काटोलकडची, म्हणजे महाराष्ट्रातली. तिची शाळा मराठी. माझी शाळा, माझं कॉलेज, माझी नोकरी सगळं हिंदी. मी मराठी वाचून वाचून उभी केलेली, त्यामुळे घरात मराठी लेखक मी असलो तरी मराठी शिकलेली ती होती. कादंबरीची पानं मी रोज सकाळी बैठकीतल्या टेबलावर ठेवत असे आणि दुपारी ती तिथून नाहीशी होत. संध्याकाळी पुतणी निर्णय घेऊन येई. “आई म्हणते, हे वाक्य हिंदीतून आलं आहे.” “आई म्हणते, स्टेशनात एवढे लोक कायले रडून राहिले?” मी कितीतरी संपादकांशी वाद घातलेला माणूस. या संपादिकेशी वाद घालायची सोयच नव्हती. वाद पोचेपर्यंत पोरीचा गृहपाठ सुरू व्हायचा.

त्या कादंबरीतली आई मी तिच्यावरून उचलली होती. फार नाही, एक सवय. आमच्याकडे बाई सगळ्यांचं झाल्यावर खाते. ही पहिली भाकर तव्यावरून उतरली की उभ्यानेच खायची, मिरचीच्या ठेच्याबरोबर, ओट्याला टेकून. पहिली कशी झाली ते कळल्याशिवाय दुसरी टाकत नाही, असं तिचं म्हणणं. कादंबरीतली मुलगी दुसऱ्या रामाकोन्यात आपल्या आईला यावरूनच ओळखते. पुस्तक छापून घरी आलं, तेव्हा दोन दिवस आतून काहीच आलं नाही. मग पुतणी आली. “आई म्हणते, ही बाई कोण आहे ते गल्लीले समजलं आहे.”

मी विचारलं, राग आला का?

ती आत गेली, परत आली. “म्हणते, चालते.”

दुसरा भाग लिहायचा माझा विचार नव्हता. पण नागपूरच्या प्रकाशकाने पहिल्या भागावर ‘भाग पहिला’ असं मला न विचारताच छापून टाकलं होतं. तो म्हणे, मालिका असली की शाळा घेतात. थोड्या दिवसांनी त्याने दुसऱ्या भागाचं नावही ठरवलं: ‘परतीचा प्रवास’. मुखपृष्ठही तयार करून घेतलं. त्यावर आई आणि मुलगी हातात हात घालून स्टेशनात उभ्या आहेत आणि मागे सूर्य उगवतो आहे. रामाकोन्यात सूर्य त्या बाजूने उगवत नाही, हे मी त्याला कळवलं. त्याने उत्तर दिलं नाही.

मला स्वतःला काय करावं ते कळत नव्हतं. आई परत आणली तर पहिल्या भागाचा शेवट फुकट जात होता, आणि नाही आणली तर दुसरा भाग कशाला, हा प्रश्न होता. अशात एका संध्याकाळी पुतणी चहा घेऊन आली. कप ठेवला आणि गेली नाही. तेव्हा ती दहावीत असेल. म्हणाली, “आई म्हणते, त्या बाईले लवकर परत आणा. तिच्या पोरीचं कसं होईन?”

मी लिहायला बसलो. भावसुनेने कधी अशी थेट मागणी केली नव्हती, आणि संपादिकेचं एकदा ऐकायला हरकत नव्हती. आई परत येते तो भाग चांगला उतरला, असं मला वाटत होतं. पानं टेबलावर ठेवली नाहीत. पूर्ण झाल्यावरच द्यायची ठरवलं.

ते पूर्ण व्हायच्या आत तिला नागपूरला न्यावं लागलं. किडन्या. आधी सूज, मग तपासण्या, मग आठवड्यातून ठरावीक दिवशी जाणं, मग तिथेच राहणं. ते सगळं मी इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरी झालं त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांना सांगून काही कळत नाही. मला स्वतःला त्या दिवसांतलं फारसं आठवतही नाही. दवाखान्याच्या जिन्यावरची फरशी आठवते.

एक दुपार मात्र आठवते. पुतणीची परीक्षा होती म्हणून ती सौंसरला. भाऊ औषध आणायला खाली गेला आणि मला म्हणाला, “भाऊ, तुम्ही बसा जरा.” मी बसलो. खोलीत ती आणि मी. मधलं कोणी नाही. तिने पदर ओढायला हात वर केला, पण त्या हाताला सुई होती. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. तिने तोंड सलाइनच्या खांबाकडे केलं.

मग ती खांबाला म्हणाली, “पाणी पाहिजे होतं.”

मी उठून पाणी दिलं. ग्लास तिच्या हातात न देता टेबलावर ठेवला, तिला पोचेल असा. ती पाणी प्याली. पुन्हा खांबाला म्हणाली, “पुस्तकाचं मी सांगून पाठवलं होतं. पोचलं का म्हणा.”

“पोचलं म्हणा,” मीही खांबालाच सांगितलं. “तसंच लिहून राहिलो म्हणा.”

ती हसल्यासारखी झाली. डोळे मिटले. भाऊ आला तेव्हा तिला झोप लागली होती. एका घरात एवढी वर्षं काढून आमच्यात जे थेट बोलणं झालं ते एवढंच, आणि तेही सलाइनच्या खांबाशी.

ती गेल्यावर विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी वंदना घेतली, ते नीट झालं. नंतर एका स्थानिक नेत्याला बोलायला उभं केलं. मृत बाईचा भासरा लेखक आहे, असं त्याला कोणीतरी येताना गाडीत सांगितलं असावं. तो माझ्या साहित्यसेवेवर बोलला. जिल्ह्याचं नाव मी उज्ज्वल केलं, असं त्याचं म्हणणं पडलं. भावसुनेचं नाव त्याने एकदा घेतलं, तेही चुकीचं. आमच्याकडे अशा कार्यक्रमात विहाराच्या वाचनालयाला पुस्तकं दान देतात. भावाने माझ्या पहिल्या भागाच्या शिल्लक प्रती दिल्या. घरात गठ्ठा पडलेला होताच. मला वाईटही वाटलं नाही, चांगलंही नाही. घरी येऊन खुर्च्या मोजून मंडपवाल्याला परत दिल्या.

मग घर सुरू राहिलं. मी अंगणात शिरताना खाकरत होतो. सवय. एक दिवस आतून पुतणी म्हणाली, “कोणी नाही आहे, मोठेबाबा. या.” त्यानंतर मी खाकरणं बंद केलं. काही दिवस दारात उगाच थांबत होतो, तेही बंद झालं.

तिची बारावी झाली. नागपूरला नर्सिंगला नंबर लागला. भावाला ते पसंत होतं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. तो ड्यूटीवर जायचा, यायचा, जेवायचा. प्रकाशकाचे फोन येत होते. मुखपृष्ठ छापून तयार आहे, गुरुजी, फक्त आतलं राहिलं आहे.

तिच्या जाण्याच्या आधीच्या आठवड्यात मी ती पानं काढली आणि सकाळी टेबलावर ठेवली, पूर्वीसारखी. दुपारी ती तिथून नाहीशी झाली. पुतणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचत होती, दाराला टेकून, तिची आई बसायची तिथे. मी बैठकीत पेपर वाचत होतो. पान उलटल्याचा आवाज येत होता, मग येईना. ती पानं घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“मोठेबाबा, आईनं हे नव्हतं म्हटलं.”

मी पेपर खाली ठेवला.

“काय नव्हतं म्हटलं?”

“परत आणा म्हणून. तिनं उलटं म्हटलं होतं. म्हणे, सांग तुह्या मोठेबाबाले, त्या बाईले परत आणू नका. तिकडं तिले कोणी विचारत नाही, भाकर झाली का म्हणून. राहू द्या म्हणे तिले आरामात.” ती थांबली. “हसून म्हणत होती. मी तुमाले दुसरंच सांगितलं.”

“काहून?”

“तुम्ही खरंच नसतं आणलं. तुम्ही आईचं सगळं ऐकता.”

मी विचारलं, आणखी काय काय बदललं होतं? रागाने विचारलं नाही. खरोखर जाणून घ्यायचं होतं. ती आधी काही नाही म्हणाली, मग जमिनीकडे पाहत सांगायला लागली. मी भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं की ती आत जाऊन सांगे, मोठेबाबा म्हणते आज भाजी मस्त आहे. आई म्हणे, मोठेबाबाले सांग, चिखलाची चप्पल आत आणत नका जाऊ. ती मला काही सांगत नसे, चप्पल उचलून बाहेर ठेवत असे. मी एकदा तिच्या आईचं अक्षर सुंदर आहे म्हटलं होतं, ते मात्र तिने जसंच्या तसं नेलं होतं. आणि आईने प्रकाशनाच्या दिवशी, तुह्या मोठेबाबाले शोभत नाही ती शाल, म्हटलं होतं; ते तिने नेलं नाही.

म्हणजे आमच्या दोघांमधला जो आदर होता, जो सगळी गल्ली उदाहरण म्हणून सांगायची, तो या पोरीने लिहिलेला होता. घरातली खरी कादंबरी तिचीच, आणि माझ्यापेक्षा बरी. तिच्यात कोणी कोणावर एकदाही चिडलं नाही. मी हे तिला सांगितलं नाही. मला सलाइनचा खांब दिसत होता.

मग मी त्या दुपारचं सांगितलं. सांगावं की नाही हे ठरवत बसलो असतो तर सांगितलंच नसतं. म्हटलं, तुझ्या आईने मला विचारलं होतं, पुस्तकाचं सांगून पाठवलेलं पोचलं का. मी पोचलं म्हटलं. तसंच लिहितो आहे म्हटलं.

“तुमाले विचारलं? आईनं?”

“खांबाला विचारलं. मी ऐकलं.”

ती माझ्यासमोर खाली बसली. रडली नाही. पानांची टोकं जुळवत राहिली, जुळली होती तरी. अंगणात कोणाची तरी सायकल येऊन गेली.

“मंग तिले वाटलं असन का तुम्ही तिचं ऐकलं,” ती म्हणाली.

“हो.”

“अन् आता तुम्ही हे छापसान.”

मी म्हटलं, ते तू सांग. तुला ती परत हवी असेल तर परत येईल. पुस्तक माझं आहे, नियम माझे आहेत, मुखपृष्ठसुद्धा तसंच छापून बसलं आहे. कोणी विचारणार नाही. हे मी मास्तराच्या आवाजात बोललो, दुसरा आवाज सापडला नाही म्हणून. तिला काय हवं आहे ते तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यासाठीच तिने तेव्हा खोटं सांगितलं होतं.

“तुम्ही तिले पोचलं म्हटलं ना?”

“म्हटलं.”

“मंग राहू द्या तिले तिकडंच.” पानं तिने माझ्याकडे सरकवली आणि उठली. दाराशी जाऊन थांबली. “पण तिकडं भाकर तिले दुसऱ्या कोणी करून द्यावी. अन् ती बसून खाताना दाखवा. बसून, मोठेबाबा. उभ्यानं नाही.”

ती नागपूरला गेली. भाऊ तिला सोडून आला आणि चप्पल घालूनच आत आला. ती उचलून बाहेर ठेवणारं आता कोणी नव्हतं.

आता घरात भाकर मी करतो. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, आणि भाऊ दिवसभर विजेच्या खांबावर चढून आलेला असतो. पीठ मळणं जमतं, थापणं बऱ्यापैकी जमतं, आच जमत नाही. भाऊ पुढ्यात आलेलं खातो. काही म्हणत नाही. मी पहिली भाकर उभ्याने खाऊन पाहिली, तिच्यासारखी, की कळावं. कळलं ते एवढंच की कच्ची आहे. तरी दुसरी टाकली.

दुसरा भाग मी पुन्हा लिहिला. प्रकाशक नाराज आहे. मुलं निराश होतील, शाळा घेणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. नाव मात्र ‘परतीचा प्रवास’च राहणार, कारण मुखपृष्ठ छापलेलं आहे. त्यात कोणीही परत येत नाही. मुलगी बंद वाटेच्या तोंडापर्यंत जाते, पलीकडे आपल्या आईला पाहते आणि तिला राहू देते. प्रकाशन पांढुर्ण्यात व्हावं, अशी जिल्हास्तरीय इच्छा पुन्हा व्यक्त झाली आहे. मी प्रकृतीचं कारण कळवलं आहे.

शेवटचं प्रकरण अडलं होतं. तिकडे तिला भाकर करून कोण देणार, हे सुचत नव्हतं. तिकडेही माणसं हीच आहेत, फक्त वेगळा फाटा धरलेली, हा नियम पहिल्या भागात छापून गेला होता. तेव्हा दुसरं कोणी आणता येत नव्हतं. मध्ये तिसरं लागतं, हा दुसरा नियम तेवढा मी मोडला. तिकडच्या रामाकोन्यात, छोट्या लाइनीच्या कडेच्या एका घरात, एक म्हातारा मास्तर तव्यावरून भाकर उतरवतो, ताटात घालतो आणि तिच्यासमोर ठेवतो. ती खाली बसलेली असते, मांडी घालून. एक घास घेते. मग मान वर करून, पदर न ओढता, मध्ये कोणी नसताना, त्याच्याकडे पाहून म्हणते, “कच्ची आहे.”